काशाच्या वाट्या आणि आईची झोप

बारामतीतल्या आमच्या योगवर्गाच्या बाई एका उन्हाळ्यात काशाच्या सात वाट्या घेऊन आल्या. लोकांना सतरंजीवर आडवं करायचं, डोळे मिटायला लावायचं आणि अर्धा तास त्यांच्याजवळ बसून या वाट्या वाजवायच्या. नादानं अंग सैल पडतं, मन निवतं, असं बाईंचं म्हणणं. त्या याला नादस्नान म्हणत. नव्वदीच्या दशकात हे ऐकून लोक तोंडावर हसायचे. माझी आई म्हणाली, "काशाची वाटी तळपायाला घासायची असती. कानाला न्हवं."

मी मात्र हट्टाला पेटले, कारण ते मी तिच्यासाठीच शिकत होते. पाळी जायच्या सुमारास तिची झोप उडाली ती उडालीच. गोळ्या झाल्या, काढे झाले. चेहरा पार उतरला होता.

मी इंदापूरच्या एका शाळेत कारकून. शनिवारी शाळा सुटली की एसटीनं बारामती गाठायची. वाजवायला शिकणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी वडगाव निंबाळकरची, तिथल्या दूध डेअरीत फॅट तपासणारी. ती कायम उशिरा यायची. मी वहीत सगळं टिपून ठेवायचे: कोणती वाटी आधी, ठोका काठावर कुठं, वाजवायचा लाकडी दांडा किती तिरका. तिच्याकडे वहीच नव्हती. पण तिनं पहिला ठोका दिला, की समोर झोपलेल्या निवृत्त तलाठ्यांचा जबडा सैल पडायचा. मी दिला, की तेच तलाठी पाठ खाजवायचे. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या.

बाईंचा नियम एकच: पहिला नाद पुरता विरल्याशिवाय दुसरा ठोका नाही. मला तो पाठ होता. तिला तो पाठ करावा लागला नव्हता, हेच माझ्या पोटात दुखत होतं.

बाईंनी तीन वाट्या मला घरी न्यायला दिल्या. सहा महिने रोज संध्याकाळी मी आईला चटईवर झोपवून वाजवायचे. ती शहाण्या मुलासारखी डोळे मिटून पडायची, संपलं की "लई बरं वाटलं बघ" म्हणायची आणि कणीक मळायला उठायची. डोळा एकदाही लागला नाही.

मग बाईंनी इंदापुरात वर्ग काढायचं ठरवलं आणि आमच्याच शाळेचा हॉल मिळाला. वर्ग आमच्यापैकी एकीनं चालवायचा. एका रविवारी मी वाजवून दाखवायचं, पुढच्या रविवारी तिनं. गाव माझं, हॉल माझ्या शाळेचा. वर्ग दुसऱ्या कुणाला मिळेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

माझा रविवार बिनचूक गेला. आई पहिल्या रांगेत होती. डोळे मिटलेले, पण पायाचा अंगठा सारखा हलत होता.

डेअरीवालीच्या रविवारी मी मागं भिंतीला टेकून बसले. तिची एसटी चुकावी म्हणून मी सकाळी देवापुढं हात जोडले होते, हे आता सांगायला हरकत नाही. ती आली, वेळेवर आली. चौथ्या वाटीला आई घोरायला लागली. चांगली मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. लोक गालात हसले. तिनं ठोके आणखी हलके केले, जराही न बिचकता. माझ्या गावात, माझ्या देखत ती माझ्या आईला झोपवत होती. उठून ती वाटी हिसकावून घ्यावी असं मला वाटलं.

वर्ग तिला मिळाला. जाताना ती मला म्हणाली, "ताई, काकूंचा डोळा लागला, लई बरं वाटलं मला." ते तिच्या मनापासून होतं, म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

घरी आल्या आल्या मी आईवर तुटून पडले. "सहा महिने मी मरमर वाजवलं, आणि तू तिच्यापुढं घोरलीस?"

आई ओशाळली. म्हणाली, "अगं, तू वाजवतीस तवा माझा समदा जीव तुझ्या हातात असतोय. पोरीला जमतंय का, कुठं चुकत तर न्हाय... डोळा लागंल कसा? ती चुकली असती तर माझं काय जाणार हुतं?"

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. मला तिची काळजी नको होती, मला ते घोरणं हवं होतं.

पुढच्या रविवारी आई सतरंजी काखेत घेऊन दारात उभी राहिली. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "तुला रुचत नसंल तर न्हाय जात मी."

मी "जा" एवढंच म्हणायचं होतं. मी तांदूळ निवडत राहिले. जरा वेळ वाट बघून तिनं सतरंजी परत कोपऱ्यात उभी केली.