आकडा मोठ्यानं वाचा

उचगावच्या नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. घरच्या कॉम्प्युटरला नवी हार्डडिस्क बसवायला गेलो होतो. जुन्या डिस्कवर लेकीच्या लहानपणाचे सगळे व्हिडिओ होते, दुसरीकडे एकही प्रत नव्हती. तरी नव्या डिस्कचं पार्टिशन, म्हणजे ती पुसून तिचे भाग पाडणं, मीच करणार, असं घरात जाहीर करून निघालो होतो. आठवडाभर मोबाइलवर ते कसं करतात हेच तर बघत होतो.

बाईंनी जुन्या डिस्कशेजारी नवी जोडली, पडद्यावर दोन्हींच्या ओळी उघडल्या, माऊस माझ्याकडे सरकवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

“करा की पावणं. पर पुसायच्या आदी डिस्कचा आकडा मोठ्यानं वाचायचा. हितं समद्यांना वाचाय लावतो मी.”

पन्नाशीत शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. तरी मी खणखणीत वाचलं, “चारशे पासष्ट जीबी.”

“नवी हजाराची घेतलीसा न्हवं? खोक्यातनं भाईर येताना निम्मी झाली व्हय?”

माझं बोट जागीच थांबलं. निवडलेली ओळ जुन्या डिस्कची होती. मी लेकीचं अख्खं बालपण पुसायला निघालो होतो. माऊस परत सरकवला. “तुम्हीच करा.”

“न्हाय. मी केलं तर तुमी माज्या तोंडाकडं बघत बसणार. सोता करताना मानूस पडद्याकडं बघतोय. वाचा परत.”

मी खालची ओळ निवडली. “नऊशे एकतीस.”

“हजाराची तेवढीच दिसती. दाबा.”

दाबलं.

घरी बायकोनं विचारलं, “कुणी केलं?”

“मीच,” म्हणालो. ते खरं होतं, म्हणून पुढचं काही सांगितलं नाही.