सुनांना धरणारं काहीतरी

सुनंदाच्या दंडाला रबर बांधलं आणि पडद्यामागून आवाज आला. कुरूम, कुरूम. कोणीतरी निवांत हाडं चावत असल्यासारखा.

"ऐकलंत? हाच तो," तिचा नवरा कुजबुजला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. सुनंदाला आठवा महिना, दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची, म्हणून डॉक्टरांनी मला रक्त घ्यायला तिच्या घरी पाठवलं होतं. इतकं फिकट माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. नखं चमच्यासारखी खोलगट. डॉक्टर म्हणत होते, रक्त न वाढवता कळा सुरू झाल्या तर बाई हातची जाईल. घरचे म्हणत होते, तिला धरलंय, दुपारी ती हाडं चावते. अमावस्येला तिला गावी भगताकडे न्यायचं ठरलं होतं.

पण आत्ता सुनंदा माझ्यासमोर होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

सिरिंजमध्ये आलेलं रक्त पाणचट होतं. ते बाटलीत भरलं आणि उठून पडदा सारला.

मोरीपाशी सासूबाई बसल्या होत्या. ओठ पांढरे, हातात पाटीवरची अर्धी खाल्लेली पेन्सिल.

"ह्या घरात सून इली की तिका ता धरता," त्या शांतपणे म्हणाल्या. "माका धरलेला, माझ्या सासूक पण."

सुनंदाही पेन्सिली खायची, चोरून, हे विचारल्यावर कळलं. अंगात लोह कमी पडलं की काहींना माती, खडू, पेन्सिल खायची अनावर ओढ लागते. मी सासूबाईंची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफटक. त्यांचंही रक्त घेतलं.

लॅबमध्ये रक्तात ॲसिड मिसळून आलेला तपकिरी रंग नमुन्याच्या काचेशी जुळवला. हिमोग्लोबिन निदान अकरा हवं, तिथे सुनंदाचं पाच, सासूबाईंचं सहा. विश्वास बसेना, पुन्हा केलं. तेच. स्लाइडवर तांबड्या पेशी बारक्या, मधून रिकाम्या. लोहाशिवाय त्यांच्यात रंग भरत नाही. लोह यायचं कुठून? त्या घरात बायका पुरुषांमागून जेवायच्या. वाट्याला उरलेला भात, माशाचं नुसतं कालवण आणि वर चहा, जो असलेलं लोहही अंगी लागू देत नाही.

भगताकडे जाणं राहिलं. सुनंदाला हॉस्पिटलात रक्त चढवलं, सासूबाईंना लोहाच्या गोळ्या दिल्या. मुलगी झाली. मी बघायला गेले, तर सासूबाईंनी आधी विचारलं, "हिचा रगत कधी तपासूचा?"

तेव्हापासून घरी रक्त घ्यायला जाताना मी जास्तीच्या बाटल्या नेते. ते सहसा एकटीला धरत नाही.