जादा गादी

हॉटेलवर किती खर्च करावा, हे आमच्या नात्यात मला विचारायची पद्धत आहे. मे महिना जवळ आला की फोन सुरू होतात. "ताई, कोकणात तीन दिवस, आम्ही पाच जण, खोलीला किती धरू?" मी वही उघडते आणि सांगते. मी शाळेत लिपिक आहे, याद्या करणं हे कामही आहे आणि स्वभावही. प्रवासाची वही वेगळी, लाल पुठ्ठ्याची. नवरा म्हणतो, "हिला वर बोलावणं आलं, तरी आधी विचारील, चेकआऊट किती वाजता."

माझे नियम सोपे होते. प्रवासाच्या एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा खोलीवर, त्याच्या वर एक रुपया नाही. फोनवरच विचारायचं: गरम पाणी किती ते किती, गाडी आत लागते का, नाश्ता धरून का, जादा गादीचे किती. लोकांना मी वर एक वाक्य ऐकवायचे, "खोलीत काय, फक्त झोपायचंच तर असतं."

हे वाक्य मी गेली तीन वर्षं कुणाला ऐकवलेलं नाही.

आमचं घर देवळाली प्रवऱ्याला. नवरा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, त्यामुळे हंगाम बंद झाल्याशिवाय सुट्टी नाही. आमचे सगळे प्रवास मे महिन्यातले. आम्ही नवरा-बायको आणि एकच मुलगी, असे तिघे. एका डबल बेडवर तिघे मावतो. माझी आई तिसगावला भावाकडे राहायची. वडील गेल्यावर ती कुठे गेली नव्हती, म्हणून एका वर्षी तिला कोल्हापूरला घेऊन जायचं ठरवलं. अंबाबाईचं दर्शन तिला हवं होतं. चार माणसं झाली की हिशेब बदलतो. दुसरी खोली घेतली तर रात्रीला चौदाशे. जादा गादी घेतली तर तीनशे.

"मी गादीवर झोपतो," नवरा म्हणाला होता.

आईने त्याला बोलूच दिलं नाही. "जावई खाली अन् मी वर? काही काय. अन् मला पलंगावर झोप न्हाई लागत. मोकळा असतो तो, पडंन म्हनून भ्या वाटतं. मी आपली खालीच बरी."

मला ते लगेच पटलं. पटायला सोयीचंही होतं.

कोल्हापूरला दोन रात्री, पुढे एका वर्षी गणपतीपुळ्याला तीन, त्यानंतर माहूरला दोन. आई आमच्याबरोबर एकूण सात रात्री हॉटेलात राहिली. तिन्ही ठिकाणी खोली साधारण सारखीच. पलंग, भिंतीला टीव्ही, एक प्लास्टिकची खुर्ची, आणि पलंग व बाथरूमच्या मध्ये जेमतेम एक गादी पसरेल एवढी जागा. गादी पसरली की बाथरूमचं दार पूर्ण उघडत नसे. म्हणून ती सगळ्यांत शेवटी पसरायची, तोवर भिंतीला उभी. तिच्यावर चादर, पांघरूण, उशी, हॉटेलच्या माणसाने आणून ठेवलेली. "तुमी झोपा," आई म्हणायची. "मी जरा माळ ओढते, मग पसरते." दिवसभर गाडी चालवून नवरा आडवा झाला की घोरायला लागायचा. मीही पाठोपाठ.

सकाळी मला जाग येई तेव्हा आईची अंघोळ होऊन वेणीसुद्धा घातलेली असे. गादी परत भिंतीला उभी. चादरीची घडी अशी, की हॉटेलातून आली तशीच वाटावी. रात्री आम्ही खुर्चीवर टाकलेल्या पिशव्या खाली भिंतीकडेने ओळीत लावलेल्या. मी मुलीला म्हणायचे, "बघ, सत्तरीची बाई आहे. आणि तुझं अंथरूण बघ." आई हसायची. "तिला कशाला बोलतीस? लहान हाय ती."

कोल्हापूरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही हैदराबादला गेलो. तिथलं हॉटेल बरं होतं, पण एका खोलीत तीनच माणसं, जादा गादी देत नव्हते. मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे 'तिघे', उजवीकडे 'चौघे (दोन खोल्या)'. खाली बेरीज केली आणि उजव्या रकान्यावर तिरकी रेघ मारली. आईला फोनवर सांगितलं, लांबचा प्रवास आहे, ऊन फार, तुला झेपायचं नाही.

"जावा की तुमी," ती म्हणाली. "मला तरी कुठं जमतंय. शेरडांकडं कोन बघंल?"

त्यानंतर गणपतीपुळ्याचं ठरलं, तेव्हा तिने गाव कोणतं, समुद्र केवढा, काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "गादी देत्यात ना तिथं?" माहूरच्या वेळीही तेच. आमच्या घरात तो विनोद होऊन बसला होता. काहीही ठरवायचं असलं, अगदी लग्नाला जायचं असलं तरी नवरा आईचा आवाज काढून विचारायचा, "गादी देत्यात ना तिथं?"

आई तीन वर्षांपूर्वी गेली. फार आजारी वगैरे नव्हती. तेरावं झाल्यावर महिन्याभराने वहिनीचा फोन आला.

"ताई, आत्याबाईंची कॉट कुनाला देऊन टाकू का? खोलीत लई अडचन व्हती. पन तुमी घेतलेली हाय, म्हनून इचारलं."

मी म्हटलं, द्या. फोन ठेवला आणि सवयीने वही काढली, कॉट कधी घेतली, केवढ्याला घेतली ते बघायला. ती प्रवासाच्याच वहीत होती. कोल्हापूरला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही नगरहून कॉट घेतली होती, टेम्पोत घालून तिसगावला नेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन पुढे निघालो होतो. माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'आई – लोखंडी कॉट, उंच पायांची (गुडघे. डॉक्टर: खाली बसणं-उठणं पूर्ण बंद)'.

त्याच्या चार ओळी खाली, त्याच पानावर, त्याच पेनाने: 'आई – जादा गादी, २ रात्री × ३००'.

कॉट मला आठवत होती. तिसगावच्या ओट्यावर ती उतरवल्यावर आई तिच्यावर बसली, उठली, परत बसली आणि शेजारणीला म्हणाली, "बघा, आता कुनाचा हात धरावा लागत न्हाई." ते मला लख्ख आठवत होतं. गादीही आठवत होती. दोन्ही एकत्र कधी आठवल्या नव्हत्या.

तेव्हापासून मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. त्या सात रात्री आई झोपली का?

आठवायला बसले आणि लक्षात आलं की आईला त्या गादीवर झोपलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. सातांतली एकही रात्र नाही. गादी भिंतीला उभी असताना माझे डोळे मिटायचे आणि गादी भिंतीला उभी असताना उघडायचे. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "झोपल्या असतील की. सकाळी घडी केलेली असायची ना?" मीही त्या घडीला धरून राहिले. न झोपता कुणी चादरीची घडी करत नाही. ती कष्टाने का होईना खाली टेकली असेल, पलंगाचा खूर धरून उठली असेल, पण मध्ये चार तास तरी पाठ टेकली असेल.

फरकही काढला. न काढून राहवलं नाही. दुसऱ्या खोलीचे सात रात्रींचे झाले असते अकरा हजार दोनशे, गादीचे झाले तेवीसशे. वाचले आठ हजार नऊशे. माहूरहून आल्यावर आम्ही फ्रीज बदलला होता. तो अजून चालतो. स्वयंपाकघरात एकटी असले की त्याची घरघर सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते.

आणखी एक झालं. आई गेल्यानंतर दोन वेळा बाहेर गेलो, दोन्ही वेळा खोली ठरवताना मी जादा गादी सांगितली. पहिल्या वेळी तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या वेळी निघून गेलं असं म्हणता येणार नाही. "तिघांना गादी कशाला?" नवऱ्याने विचारलं. "असू द्या," मी म्हटलं. गादी आली, भिंतीला उभी राहिली. सकाळी जाग आल्यावर आधी तिच्याकडे नजर गेली. घडी तशीच होती. पिशव्या मात्र खुर्चीवरच होत्या.

यंदाच्या मे महिन्यात हरिहरेश्वरला गेलो. मुलगी आता पुण्याला नोकरी करते, हॉटेल तिनेच ठरवलं होतं. पोचलो तेव्हा दुपार होती. नवरा गाडीतलं सामान काढायला खाली थांबला. मी काउंटरवर गादी मागितली, ती लगेच आली. मुलगी पलंगावर मोबाईल घेऊन पडली होती.

या वेळी मी गादी भिंतीला लावली नाही. पलंग आणि बाथरूमच्या मध्ये पसरली, चादर घातली आणि आडवी झाले.

"आई, काय करतेस?"

"बघतेय."

खालून पलंगाखालची धूळ दिसते, बाथरूमच्या दाराची फट दिसते, फरशीचा गारवा गादीतून वर येतो. मी बावन्न वर्षांची आहे, माझे गुडघे ठीक आहेत. तरी उठताना एकदा हात पलंगाच्या कडेला गेला. उठले, चादर काढली आणि घडी करायला लागले. हॉटेलची घडी वेगळी असते. ते आधी लांबीत तीन पदर घालतात, मग रुंदीत, आणि सगळ्या कडा आत जातात. माझ्या घडीची एक बाजू बाहेर आली. उलगडून परत केली. शाळेत गठ्ठे बांधून माझा हात बसलेला आहे, पण तिसऱ्यांदाही जमेना. चौथ्यांदा चादर झटकली तेव्हा मुलीने मोबाईल खाली ठेवला.

"राहू दे ना," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. मग ती उठून बसली. "आई, आजीला पण नव्हती येत ती घडी."

"म्हणजे?"

"ती हॉटेलचीच असायची. आजी ती चादर उलगडायचीच नाही."

मी चादर हातात धरून उभी राहिले. ती खाली बघत बोलत होती. कोल्हापूरला पहिल्या रात्री आजी गादीवर झोपली होती. मध्येच बाथरूमला जायला उठता येईना, तेव्हा तिने पलंगाच्या कडेला झोपलेल्या मुलीचा पाय हलवला. सहावीतल्या पोरीने आजीला दोन्ही हातांनी ओढून उठवलं. त्यानंतर आजी परत खाली टेकली नाही. गादी उभी केली, चादरीची कशीबशी घडी घालून उशीखाली दडवली. दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने ती बदलून नवी दिली. तिथून पुढे सहाही रात्री ती खुर्चीत बसली. खुर्चीवरच्या पिशव्या खाली उतरवायची, भिंतीशी ओळीत लावायची आणि बसायची. मुलीला कधी जाग आली तर पांघरूण नीट करायची आणि झोप म्हणून खूण करायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"आजीने शप्पथ घातली होती." ती थांबली. मग आजी बोलायची तसंच बोलली. नवरा ज्या आवाजात थट्टा करायचा त्या आवाजात नाही, खऱ्या. "तुझ्या आईला सांगू नगं, बाई. ती दोन खोल्या करील. मग दुप्पट पैसं व्हत्याल अन् पुढल्या टायमाला ती यादीतनं मला काढील."

"मी तिला असं कधी..." मी म्हणायला गेले आणि हैदराबादची तिरकी रेघ आठवली. ती आईने पाहिलेली नव्हती. पाहायची तिला गरजही नव्हती.

"मी लहान होते," मुलगी म्हणाली. "मला वाटायचं, आजीला खुर्ची आवडते."

बाहेर जिन्यात नवऱ्याच्या पायांचा आवाज झाला. तो धापा टाकत आत आला. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. त्याने उघडी गादी ओलांडली. नेहमीसारखा तो खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळला आणि पिशव्या तिच्यावर टाकायला हात पुढे केला.

"खुर्चीवर नको," मी म्हटलं. "खाली ठेवा."