अपेक्षित हशा

आमच्या घरात विनोदी माणूस मी होतो. निदान लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांना तसं सांगण्यात आलं होतं. साताऱ्याकडच्या आमच्या गोतावळ्यात बारसं असो की डोहाळजेवण, पंगत उठली की कुणीतरी म्हणायचंच, "चल रे, त्या तलाठ्याची नक्कल होऊन जाऊ दे." बायको अकोल्याची, अबोल. पहिली दोन वर्षं ती माझ्या विनोदांना हसली. पुढं नुसती मान हलवायला लागली. नोकरीसाठी मोहालीत आलो आणि मान हलणंही थांबलं. मी दोष इथल्या थंडीला दिला.

ऑफिसात तर फारच हाल. चहाच्या वेळी हिंदीत एखादी गंमत सांगायला घेतली की मंडळी सभ्यपणे ती संपायची वाट बघत, आणि संपली हे मलाच जाहीर करावं लागे. म्हणून जेव्हा कळलं की चंडीगडला सेक्टर चौतीसमध्ये दर रविवारी सकाळी स्टँडअपचे विनोद लिहायला शिकवतात, तेव्हा मी त्याच दिवशी नाव घातलं.

वर्ग भरायचा एका कोचिंग क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर. फळ्यावर शनिवारचं रसायनशास्त्र तसंच असायचं. शिकवणारे सरदारजी आधी त्याच खोलीत गणित शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी बेन्झीनच्या षटकोनाशेजारी तीन ओळी लिहिल्या, आणि पुढं दर रविवारी त्याच लिहीत राहिले. पहले सच बोलो. फिर छोटा बोलो. फिर चुप हो जाओ.

"तीसरा सबसे मुश्किल है जी," ते म्हणाले, आणि माझ्याकडेच का बघितलं कोण जाणे.

माझा पहिला विनोद तयार होता. या शहरात तेरा नंबरचा सेक्टरच नाही, एवढी आखीव माणसं भुताला घाबरतात, वगैरे. मी तो हावभावांसकट सादर केला. सरांनी शांतपणे ऐकून घेतला.

"वीरे, बाहर से जो भी आता है, पहले दिन यही सुनाता है," ते म्हणाले. "और अब तो तेरह है. मनीमाजरा को बना दिया."

म्हणजे विनोद शिळा होता आणि वर खोटाही. मी ठरवलं, आता पद्धतशीर काम करायचं. आणि मला पद्धत म्हणजे एकच ठाऊक. मी एक्सेलची शीट केली. एक रकाना विषयाचा, एक मांडणीचा, एक शेवटच्या धक्क्याचा, आणि चौथा 'अपेक्षित हशा', दहापैकी. सातच्या खाली मी कुणाला दिलेच नाहीत. चाचणी म्हणून ऑफिसात एकेक सांगून बघायचो.

तिसऱ्या रविवारी बायको म्हणाली, "मीबी येते. घरी बसून काय करू?"

"तुला कंटाळा येईल."

"तो तर घरीबी येतोच ना."

ती आली आणि शेवटच्या बाकावर बसली. मटारचे दिवस होते. तिनं पिशवीतून शेंगा काढल्या आणि सोलायला घेतल्या. पुढं मी माझा दहापैकी आठवाला विनोद सांगत होतो. खोलीत फक्त मटारचे दाणे डब्यात पडल्याचा आवाज येत होता. सर म्हणाले, "ठीक है, बैठो," आणि मग मागं बघून, "भाभीजी, आप भी कुछ सुनाओ."

ती उठलीसुद्धा नाही. हातातली शेंग न सोडता म्हणाली, "मैं क्या सुनाऊँ. मेरे मिस्टर को पंजाबी नहीं आती. और नहीं आती, ये बोलने में इनको शरम आती है. तो कोई कुछ भी पूछे, ये बोलते हैं, हांजी. ऐसे हांजी-हांजी में हमने एक गीज़र लिया, पड़ोसी का कुत्ता चार दिन संभाला, और कल पता चला कि लोहड़ी को सोसायटी में ये भांगड़ा कर रहे हैं."

खोली हशानं फुटली. सर फळ्याला टेकले. पुढच्या बाकावर शिकायला बसणारी एक शाळेतली शिक्षिका डोळे पुसायला लागली. बायको दचकून माझ्याकडे बघत होती, आपलं काही चुकलं का म्हणून. मीही हसलो, पण मनात हिशोब सुरू झाला. एक तर कुत्रा तीनच दिवस होता. दुसरं म्हणजे, दोन साध्या गोष्टी आणि तिसरी वाकडी, हा नियम मी आदल्याच आठवड्यात वहीत अधोरेखित केला होता. तिला असा नियम असतो हेही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारपासून मी दारात दिसलो की लोक माझ्या मागं बघायचे. "भाभीजी नहीं आईं?" ती आलेलीच असायची, जिना चढत असायची, एकदा तर सगळ्यांसाठी साबुदाणावडे घेऊन. मी मनात म्हणायचो, वडे देऊन कुणीही हसवेल. हे खरं नव्हतं. वडे नव्हते त्या रविवारीही हसले होते.

मग सरांनी सांगितलं, जानेवारीच्या शेवटी एका कॅफेत दुपारचा कार्यक्रम करू. सगळ्यांना दोन-दोन मिनिटं, आणि एकाला सात. ते सात कुणाला, हे पुढच्या रविवारी ठरेल. मी त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या सहा जणांना आमंत्रण देऊन मोकळा झालो. सात मिनिटं माझीच, यात मला शंका नव्हती. म्हणजे होती, म्हणूनच आमंत्रण दिलं.

त्या शनिवारी बायकोनं किराणा आणायला पाठवलं. यादी फ्रीजवर चिकटवलेली होती. दुकानात हिंग, रवा, मोहरी घेऊन झाल्यावर मी कागद उलटला. मागं, पोह्यांच्या वर, तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मेरे मिस्टर एक्सेल में जोक लिखते हैं. एक कॉलम है, अपेक्षित हँसी. मैंने बगल में एक कॉलम और बना दिया, असली हँसी. ज़्यादा काम नहीं था. ऊपर एक नंबर लिखा और नीचे तक खींच दिया.'

घरी येऊन मी शीट उघडली. रकाना होता. वरपासून खालपर्यंत शून्य.

मी चिडायला हवं होतं. पण मला हसू आलं, आणि हसू आलं याचाच जास्त राग आला. इतका बेतशीर विनोद! शून्य हा शब्दसुद्धा नाही त्यात. महिनाभर मी रात्रंदिवस खपतोय आणि हिनं हा मोहरी आणि पोहे यांच्यामध्ये लिहिला.

आठ दिवस आमच्याकडे राहिलेली तिची मावशी रविवारी सिमल्याला निघाली. बायको तिला सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर सोडून थेट वर्गात येणार होती. मी लवकर पोचलो आणि म्हणालो, मी पहिला. कशाच्या बळावर, ते आता सांगतो. वाटेत मी स्वतःला पटवलं होतं की माझ्यावरचा विनोद हा माझाच. शीट माझी, आकडे माझे, फजिती माझी. कच्चा माल शंभर टक्के माझा असताना त्याला चोरी कसं म्हणता येईल? फक्त तो अगदी जसाच्या तसा नको, म्हणून मी किरकोळ बदल केला.

"मेरी मिसेस सब्ज़ी बनाती है," मी सुरू केलं. "मैंने एक्सेल बनाया. एक कॉलम अपेक्षित स्वाद, एक असली स्वाद. मैंने एक नंबर लिखा, ज़ीरो, और नीचे तक खींच दिया. ज़ीरो!"

मग शिक्षिका हळूच म्हणाली, "पर भाभीजी के वडे तो बहुत अच्छे थे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझी शेवटची आशा म्हणजे सर. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते दाराकडे बघत होते. दारात बायको उभी होती, गळ्याभोवती मफलर, हातात मावशीनं विसरलेली छत्री.

"आओ भाभीजी, आपकी बारी," सर म्हणाले.

ती पुढं आली. छत्री टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता ही रडते. नाहीतर मला रडवते.

"मेरा आज का जोक तो मेरे मिस्टर ने सुना दिया," ती म्हणाली. "शादी को छह साल हुए. आज पहली बार इन्होंने बिना बोले मेरा कोई काम किया है." ती थांबली. "और हमेशा की तरह, अब मुझे दोबारा करना पड़ेगा."

आणि तिनं तो केला, नीट. शून्य हा शब्द न उच्चारता. हशा इतका झाला की खालच्या मजल्यावरचा रखवालदार वर बघायला आला. सात मिनिटं कुणाला, हे सरांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आम्ही टॅक्सीनं मोहालीला परत निघालो. मी माझी कच्च्या मालाची बाजू मांडली.

"चोरला त्याचं काही नाही," ती म्हणाली. "उलटा काहून केलास? ज्या भाजीचे दोन डबे भरून नेतोस, तिच्यावर?"

"विनोदात थोडं चालतं."

"पहले सच बोलो," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिला फळाही पाठ झाला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र तिनं विचारलं, "तुझे ऑफिसवाले येतील ना? कोणता नको सांगू?"

मला हे अपेक्षित नव्हतं. चांगुलपणातही माझ्या पुढं जायची काय गरज होती? "एक्सेलचा नको," मी म्हणालो. कारण त्या सहा जणांनी ते विनोद महिनाभर सोसले होते, आणि आकडा त्यांना तोंडपाठ होता.

"नाही सांगत. बाप्पा, एवढं तोंड नको पाडू."

माझी दोन मिनिटं झाली. झाली, एवढंच म्हणतो. मग ती उभी राहिली. मावशीच्या छत्रीवर हसले, गीझरवर हसले, माझ्या भांगड्यावर तर ऑफिसचं अख्खं टेबल आडवं झालं. मी प्रत्येक हशाला टाळ्या वाजवत होतो आणि मनात सेकंद मोजत होतो. अखेर तिचे विनोद संपले, हे मला कळलं, कारण आता उरला होता तो एक्सेलचा, आणि तोच तिला सांगायचा नव्हता. ती मध्येच थांबली. लोक वाट बघायला लागले. ती घाबरली होती, हेही फक्त मलाच कळलं. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "एक और है, पर घर से मना है," ती माइकमध्ये म्हणाली. "पूछ लेती हूँ. क्यों जी, सुनाऊँ?"

सगळा कॅफे माझ्याकडे वळला. मी काही विचार केला नाही. तो मोठेपणाही नव्हता. एवढ्या लोकांनी एकदम माझ्याकडे बघितलं की माझ्या तोंडून जे बाहेर पडतं, तेच पडलं.

"हांजी."

तसा हशा मी उभ्या आयुष्यात ऐकलेला नाही. तलाठ्यालासुद्धा नाही. लोक टेबलं बडवत होते. ती हसत होती, मोहालीत आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर, तोंडावर हात घेऊन, आणि तिला पुढचा विनोद सुरू करायला बराच वेळ लागला.

त्यावरही हसले. किती, ते मी लिहिणार नाही.

सर रेकॉर्डिंग पाठवतात, ऐकून शिका म्हणून. मी माझ्या फोनवर तेवढाच तुकडा कापून ठेवलाय. तिचं आधीचं बोलणं नाही, नंतरचंही नाही. नुसतं 'हांजी' आणि तो हशा. परवा ऑफिसात एका नवीन मुलीला ऐकवला. तिनं दोनदा ऐकला.

"सर, पर इसमें जोक कहाँ है?"

त्यासाठी बायकोचं बोलणं परत जोडावं लागेल. अजून जोडलेलं नाही.