विमलच्या खिडकीतली पोयणी

विमल गेल्याचा फोन तिच्या सुनेने केला. स्मिताने रडत रडत सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “मोठ्या आई, त्या बरण्यांचं आता काय करू?” घरात हजार कामं पडलेली, आणि हिला बरण्यांची काळजी... मला ते बरं वाटलं.

विमल माझी धाकटी जाऊ. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला आमच्या शेताच्या कडेला बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. त्यात पोयणीची छोटी कमळं फुलायची. आमच्या गौरीला तीच फुलं लागत, बाजारची चालत नसत. नव्वद सालानंतर शेजाऱ्यांनी जमिनी विकल्या, आम्हीही राजीखुशीने विकली. बावखलात भराव पडायच्या आदल्या दिवशी विमल चिखलात उतरली आणि पोयणीचे कंद ओच्यात घेऊन वर आली. मी काठावरून म्हटलं, “फ्लॅटमध्ये कुठे लावणार? मोरीत?”

“खिडकीत,” ती म्हणाली. “बावखल नाय तर नाय, बाय. बी तरी ऱ्हाऊ दे.”

लोणच्याच्या काचेच्या बरण्या तिने कामाला लावल्या. तळाला बावखलातला चिखल, वर वाळू, मग पाणी, आणि डास होऊ नयेत म्हणून प्रत्येकीत एक गप्पी मासा. पानं आली, रुपयाएवढी. फूल कधीच नाही. मी चिडवायचे तेव्हा म्हणायची, “तिला पाय पसराया जागा मिलेल तवा फुलेल. तवर मरू द्यायची नाय.” तिच्या भावाच्या वाडीत, गास गावाला, बावखल होतं, पण जलपर्णीने बुजलेलं. साफ करतो, करतो, असं तो वर्षानुवर्षं म्हणत होता.

स्मिता साताऱ्याकडची. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला तिने घर घासून काढलं, आणि बरण्याही. लख्ख धुऊन उपड्या घातल्या, चिखल कचऱ्यात. मी तिथेच होते. विमलने ते पाहिलं. खाली उतरली आणि सोसायटीच्या कचऱ्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. स्मिता मागोमाग धावली. “आई, तुम्ही सरका, मी शोधते. दिसतं कसं ते?”

“सुपारीसारखं. नि नाक नको धरू, तुझ्याच घरचा कचरा हाय.”

एकच कंद धड मिळाला. त्याच्यावरून पुन्हा सगळ्या बरण्या भरायला काही वर्षं गेली, आणि त्या वर्षांत पाणी स्मिताच घालायची. सासू-सुनेत फार गोडवा होता असं मी लिहिणार नाही. चहात साखर किती, यावरूनही वाजायचं.

यंदा उन्हाळ्यात भावाने बावखल खरंच उपसलं. विमल अंथरुणाला खिळलेली होती, तिला जाता आलं नाही. तेराव्यानंतर स्मिता माझ्या दारात उभी. “चला गासला.” रिक्षात कंदांची बरणी तिच्या मांडीवर होती, खड्ड्यांनी साडी भिजली. पोहता येत नसताना ही बाई बावखलात उतरली. काठावरून विमलच्या भावाने तिचा एक हात घट्ट धरला होता. “किती खोल लावायचं?” तिने मला विचारलं. मला काय माहीत... मी कधी विमलला विचारलंच नव्हतं. मग तिने आपल्याच अंदाजाने चिखलात कंद दाबले.

काल मी पुन्हा गासला जाऊन आले. पानं ताटलीएवढी झालीत. वाकून पाहिलं तर पाण्याखाली एक कळी होती, अंगठ्याएवढी, वर यायच्या बेतात. घरी येऊन स्मिताला फोन केला आणि म्हटलं, रविवारी गासला ये, गौरीची तयारी बघायची आहे. कळीचं सांगितलं नाही. तिची तिने बघावी.