नवा पॉवर सप्लाय, जुन्या केबल

आमचे हे गेमिंगचे कॉम्प्युटर जोडून देतात. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर स्क्रूंचा पसारा आणि तोंडी एकच प्रश्न, "जमेल का?" हा प्रोसेसर त्या मदरबोर्डवर जमेल का, एवढं लांब ग्राफिक्स कार्ड त्या कॅबिनेटमध्ये मावेल का. मी म्हणते, लग्नाआधी एवढी चौकशी केली असतीत तर दोघंही सुटलो असतो. पण त्यांनी निवडलेला भाग आजवर कुणाच्या मशीनला नडला नाही. त्याचा त्यांना अभिमान आहे आणि, सांगूनच टाकते, मलाही.

पुतणीचं मशीनही ह्यांनीच जोडलं होतं. ती नोकरी सोडून घरी स्वतःचा गेम बनवायला बसली, तेव्हापासून तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे दीर, तिच्याशी धड बोलत नव्हते. दीर प्लंबर. कामाला वाघ, पण डोकं तापट. गेम होत आला, एका कंपनीने तो बघायला मागितला आणि नेमका पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कुरकुरायला लागला. ह्यांनी जास्त ताकदीचा, दुसऱ्या कंपनीचा मागवला. तो न्यायला दीर स्वतः आले.

"मीच बसवतो, दादा. पोरीसाठी काहीतरी करू दे मला."

ह्यांना नाही म्हणवेना.

दुपारी दिरांचा फोन आला. "झालं बसवून. डबा तेवढा बदलला. जुन्या केबल इतक्या नीट ओवलेल्या होत्या, त्या तशाच ठेवल्या. सगळ्या घट्ट बसल्यात. आता चालूच करतो."

"थांब, चालू करू नकोस," हे ओरडले, पण तिकडे फोन ठेवला गेला होता. पुन्हा लावला, तर कुणी उचलेना. हे तसेच निघाले, मागे मी.

नळाच्या धंद्यात आटे बसले की काम झालं. इथे तसं नसतं, हे ह्यांनी मला धापा टाकत सांगितलं. डब्याच्या बाजूला कुठल्या तारेत कुठली वीज सोडायची, ते प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. एकीची केबल दुसरीच्या खाचेत बसते, पण हार्ड डिस्कला भलतीच वीज जाते आणि ती जळते.

"गेमची दुसरी प्रत असेल ना तिच्याकडे?"

"मागे विचारलं, तर 'करते काका' म्हणाली."

जळका वास जिन्यातच आला. पुतणी कॅबिनेटसमोर गुडघ्यांवर बसली होती. दीर भिंतीला टेकून उभे, पेचकस हातातच. ह्यांनी डिस्क काढली, नाकाशी नेली आणि हळूच खाली ठेवली.

"दुसरी प्रत?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. नव्हती.

"कशाने झालं, काका?"

"केबल..." दिरांच्या तोंडून एवढंच निघालं. चेहरा पांढराफटक.

"माझ्यामुळे," हे मध्येच म्हणाले. "मी निवडलेला सप्लाय तुझ्या मशीनला जुळणारा नव्हता. बाबांनी मी दिला तो बसवला, बस."

खरं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी गप्प बसले.

"तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता मी," ती म्हणाली आणि ह्यांच्याकडे पाठ करून वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. दिरांनी पेचकस टाकला आणि लेकीला घट्ट धरलं. तिच्या डोक्यावरून ते भावाकडे बघत राहिले.

एवढ्यासाठी ह्यांनी आपलं नाव घालवलं. मला इतका राग आला होता की घर येईपर्यंत मी त्यांच्याशी अक्षर बोलले नाही. हात मात्र सोडला नाही.