समुद्राकडं पाठ करून

आमच्या ह्यांना शांती पाहिजे होती. बारामतीत ती मिळंना. रिटायर झालेला हेडमास्तर, दोन्ही पोरं मार्गाला लागलेली, बीपीची गोळीसुद्धा मी पाण्यासकट हातात देते. एवढ्या त्रासात माणसाला शांती मिळणार तरी कुठनं!

ह्यांची रोज सकाळी फिरायला जाणारी सहा-सात जणांची टोळी आहे. त्यातल्या एकानं पुण्याचे कोणी ध्यान शिकवणारे सर गाठले. कोकणात, समुद्राकाठी, तीन दिवस मौन आणि ध्यान. "तू पण चल," हे म्हणाले. "बाकीच्यांच्या बायका पण येणार हायेत."

खोटं कशाला बोलू, मी हरखले. माहेर सांगवीचं, सासर निरवांगीचं, संसार बारामतीत. साठी आली तरी समुद्र पाहिला नव्हता. मला शांतीबिंती नको होती. एकदा पाय बुडवायचे होते, बस.

आदल्या दिवशी कळलं की सरांचा नियम आहे, बाहेरचं खायचं न्हाय, मन चंचल होतं. आमच्या टोळीला निमित्तच हवं होतं. ह्यांना कुठंही न्या, भाकरी बाजरीचीच लागते. मग बसच्या मागच्या सीटवर शेगडी, परात, पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि आमी चौघी बायका. आपल्याला का बोलावलंय ते तिथं बसल्यावर डोक्यात शिरलं.

पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. घर अगदी समुद्रावर. म्हणजे पुढची पडवी समुद्रावर. स्वयंपाकघर मागं, खिडकी गोठ्याकडं. सर आत येऊन गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं ध्यान इथंच. भाकरी थापताना लाटांचा नाद ऐका." डोंबलाचा नाद! डोक्यावर पंखा घरघरत होता.

तीन दिवस पुढं मौन चाललं. मौन म्हणजे तोंड बंद, मागण्या चालू. हे दारात येऊन बोटांनी कपाची खूण करायचे. टोळीतले एक आबा तर चिठ्ठी पाठवायचे: 'चटणी तिखट. मन विचलित.' दुपारी सगळे डोळे मिटून बसले की थोड्या वेळात घोरणं सुरू व्हायचं, आणि आमी चौघी भांडी घासता घासता तोंडात पदर कोंबून हसायचो. दोन वेळचा स्वयंपाक, नाष्टा, पाचदा चहा. रोज वाटायचं, आज न्हाय जमलं, उद्या जाऊ.

शेवटच्या सकाळी नाष्टा उरकला, वाटेसाठी भाकरी बांधली, भांडी पोत्यात भरली. बस सुटायला अर्धा तास होता. हात पुसले आणि घराला वळसा घालून पुढं आले.

समुद्र नव्हता. नुसता ओला चिखल, आणि पाणी पार लांब गेलेलं. मला वाटलं, संपली पाण्याची पाळी! आमच्याकडं पाणी असंच जातं. कालव्याला आठ दिवस येतं, मग साहेब गेट बंद करतात, की पुढच्या पाळीपर्यंत बोंबला. तिथं एक बाई चिखलात शिंपल्या वेचत होती. तिला विचारलं, तर ती हसली. "ओहोटी आहे, बाय. दुपारी येईल परत." दुपारी मी घाटात असणार होते.

असं रडू फुटलं म्हणून सांगू! दुःखाचं न्हाय, रागाचं. ह्यांच्यावर, त्या सरांवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या मेलीवर. तीन दिवस ते पाणी रोज दाराशी येऊन परत जात होतं, आणि मी तिकडं पाठ करून भाकऱ्या भाजत होते.

चपला हातात घेतल्या आणि चालायला लागले. घोट्याएवढा चिखल. मागनं बसचा हॉर्न, आणि मग ह्यांचा आवाज. मौन सुटलं होतं ना आता! "अगं ए! कुठं चाललीस? सगळी खोळंबलीत!"

मी वळले न्हाय. पाणी पायाला लागलं तशी साडी वर खोचली आणि गुडघाभर आत गेले. गार होतं. खालची वाळू पायाखालनं सरकत होती, आणि मला फार बरं वाटत होतं. वळून बघितलं तर हे चिखलाच्या अलीकडंच थांबलेले. बुटांना चिखल लागला असता.

तिथनंच हे दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "अगं, भाकरीचं गठुडं कुठं ठेवलंस, तेवढं तरी सांग!"

मी पाण्यातच खाली बसले, साडीसकट.